लाल दोऱ्याचा कॅमेरा

आमच्या शेजारच्या हणमंतरावकाकांचे दोन कॅमेरे हुबेहूब सारखे होते. जपानी, जड, एकदमच घेतलेले. सुलतान बाजारातल्या त्यांच्या स्टुडिओत लग्नाची ऑर्डर आली की एकात रंगीत रोल असायचा आणि दुसऱ्यात काळा-पांढरा. गोंधळ नको म्हणून काळ्या-पांढऱ्याच्या कडीला लाल दोरा. दर दसऱ्याला दोन्ही कॅमेरे आणि तिन्ही लेन्स पाटावर मांडून, हळदकुंकू वाहून काका स्वतः नवा दोरा बांधत.

"मला कधी एवढ्या प्रेमानं गजरा माळला नाही," तारामतीकाकू म्हणायच्या.

"तू फोकसमध्ये थांबतच नाहीस," काका म्हणायचे.

त्या कॅमेऱ्याच्या खिडकीत मधोमध एक छोटी चौकट असते. तिच्यात माणूस दोनदा दिसतो. लेन्सचं कडं फिरवत ती दोन माणसं एकमेकांवर नेमकी बसवायची आणि बटण दाबायचं. आवाज जवळजवळ नाहीच. "मंगळसूत्र बांधताना खटकन वाजलं की पोरगी दचकते," काका सांगत. नारायणगुड्यातल्या कितीतरी मराठी घरांत त्यांनी टिपलेली, न दचकलेली नवरी भिंतीवर आहे. आमच्याही घरात आहे.

पुढे काचेच्या दारांच्या कलर लॅब आल्या, आपोआप फोकस करणारे कॅमेरे घरोघरी झाले, लग्नात व्हिडिओवाल्यांचे दिवे आले. काकांनी स्टुडिओ बंद केला. साखरेच्या आजारानं डोळे गेले तेही विचित्र. कडेचं सगळं दिसे, नजरेच्या मध्यावर मात्र धुकं. म्हणजे नेमकी ती चौकटच दिसेना.

लाल दोऱ्याच्या कॅमेऱ्यात मात्र एक रोल तसाच होता. त्यात प्रशांत होता.

प्रशांत त्यांचा एकुलता एक मुलगा. विद्यानगरला कॉलेजात होता. एका संध्याकाळी त्याची स्कूटर बसखाली आली. त्या रोलमधले थोडे फोटो काढायचे उरले होते, आणि रोल पुरा झाल्याशिवाय बाहेर काढायचा नाही हा काकांचा धंद्यातला नियम. उरलेले फोटो काढायला हात धजला नाही. वर्षं गेली. काकू मला एकदा म्हणाल्या होत्या, "आत आहे तोवर तो अजून बघायचा राहिलाय असं वाटतं गं."

आमच्या वरच्या खोलीत हर्षद म्हणून पुण्याचा मुलगा भाड्यानं राहतो. कॉम्प्युटर कंपनीत आहे, जुन्या कॅमेऱ्यांचा नादी. दोन्ही कॅमेरे लेन्ससकट घेतो म्हणाला. नुसते कपाटात ठेवले तर भिंगांना बुरशी लागते, म्हणून काकाही तयार झाले. ठरलं असं, की आधी बिनदोऱ्याचा द्यायचा. दुसऱ्यातला रोल अंधारात काढून, धुऊन, मग तोही द्यायचा. "बघूच आता," काकू म्हणाल्या, आणि प्रशांतच्या फोटोसाठी त्यांनी लाकडी फ्रेम आणून ठेवली.

रविवारी दुपारी मी हर्षदला घेऊन गेले. खिडकीशी बसून त्यानं बिनदोऱ्याचा कॅमेरा हातात घेतला.

"काका, काय ठेवलाय हो! नवा वाटतोय. मागचं झाकण उघडून आतला शटरचा पडदा बघू?"

"हौ, बघा की. रिकामाच आहे तो."

झाकण उघडलं आणि हर्षदनं ते लगेच दाबून मिटलं.

"काका, आत फिल्म आहे."

"मजाक नक्को करू, बेटा."

पण हर्षदचा चेहरा मला दिसत होता. काकांनी दुसरा कॅमेरा ओढून घेतला, दोरा चाचपला, रोल गुंडाळायची मूठ फिरवली. ती भुर्रकन मोकळी फिरली. आत काही नव्हतं.

"दसऱ्याला," ते हळूच म्हणाले, "मी दोरा दुसऱ्याला बांधला."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "किती वेळ उघडं होतं?" त्यांनी विचारलं.

"चूक माझी, काका. मी आधी वरचा फोटोंचा आकडा बघायला हवा होता."

"तुमची कशी? तुम्ही विचारलंत ना." काकांनी आवाज सावरला. "उजेड वरच्या वेढ्यांना लागतो. आतले वेढे म्हणजे आधी काढलेले फोटो. ते वाचले असतील."

त्यांनी तो कॅमेरा रजईत गुंडाळला. दुसऱ्या दिवशी सुलतान बाजारात अरविंद या जुन्या मित्राकडे बसून रोल धुऊन घेतला.

संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. टेबलावर चारच फोटो होते. चारही अभिजीतचे. माझा मुलगा, तेव्हा पाच वर्षांचा, आमच्या अंगणात सायकल शिकताना. त्या चारांनंतर टिपलेलं सगळं उजेडानं खाल्लं होतं. चौथ्या फोटोत सायकलची सीट मागून धरलेला एक हात दिसत होता. कोपरापलीकडे कागद पांढराफटक.

काकूंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "घड्याळ उजव्या हातात," त्या म्हणाल्या. "किती बोलायची मी त्याला."

काकांनी तीन फोटो माझ्याकडे सरकवले. चौथा काकूंच्याच हातात होता. "हा मी ठेवू का, रंजना? तुझा मुलगा आहे त्यात, म्हणून विचारते."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

काकांनी दोरा सोडून घेतला आणि दोन्ही कॅमेरे हर्षदला दिले. तो फोटो आता त्या लाकडी फ्रेममध्ये आहे. काकू रोज सकाळी त्याच्यावर फूल ठेवतात. त्या हाताजवळच ठेवतात, पण फ्रेम लहान आहे, आणि फूल घसरून अभिजीतच्या डोक्यावर येतं. मी गेले की ते नजर चुकवून बाजूला सारते.

अभिजीत आता प्रशांतच्या वयाचा झालाय. त्याची स्कूटर फाटकात वाजेपर्यंत मला झोप लागत नाही. आज अजून वाजलेली नाही, म्हणून हे लिहीत बसले आहे.