फाटकासमोरच्या विलायती तबकड्या

अर्ज लिहिण्याच्या व्यवसायात शांतता हे अर्धे भांडवल असते. नववीत शाळा सोडलेल्या मला हे कळते. पदवीधरांना कळत नाही. नाशकात कचेरीच्या फाटकाशी माझे टेबल आहे. त्याच्या नेमके समोर गेल्या वर्षी एका तरुणाने कॉफीचे दुकान थाटले आणि तो दिवसभर विलायती तबकड्या वाजवू लागला. त्याही सत्तरच्या दशकात इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलेल्या रॉक गाण्यांच्या. एका बाजूस एकच गाणे, तीन-चार मिनिटांत खलास. गाणारा असा ओरडे, की त्याच्या शेताचा बांध कुणी कोरला असावा.

मी जाब विचारायला गेलो.

"काका, हे त्या काळी तिकडे एक नंबरला होतं."

"नंबर मिळाला ना? मग अजून कुणाशी भांडतोय?"

त्याने दात काढले आणि पुढची तबकडी लावली. मी परत येऊन त्याच्याविरुद्ध तक्रार अर्ज लिहिला. भाषा अशी, की वाचणाऱ्या अधिकाऱ्याने खुर्चीत सावरून बसावे. शेजारचा मुद्रांकविक्रेता सहीला तयार झाला, परंतु टेबलाखाली त्याचा पाय ठेका धरून होता. असला साक्षीदार काय कामाचा? मी कागद काढून घेतला.

त्याच दुपारी विंचूरकडची एक बाई आली. आधी ती आली होती तेव्हा कॉफीचे दुकान बंद होते, सर्वत्र निवांत होते. तरीही काही न सांगता निघून गेली होती. आज समोर गिटारी किंचाळत होत्या. तिने स्टूल माझ्या कानाशी ओढले.

"दीर रात्रीचा दार वाजवतो, दादा. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, तुला भास होतोय."

मी लिहू लागलो. तेवढ्यात तबकडी संपली आणि बाईही थांबली.

"बोला."

"फाटकात गावची माणसं हायेत. गाणं लागू द्या."

समोर दुकानदार कुणाशी गप्पा छाटत बसला होता. फाटकातला एक फेटेवाला आमच्याकडे वळून पाहू लागला. बाईने पदर ओढला आणि उठायला हात टेकला. आज उठली असती तर ती पुन्हा आली नसती. अशी कितीतरी माणसे मी या टेबलावरून उठताना पाहिली आहेत.

मी रस्ता ओलांडला.

"लावा."

"कुठलं लावू, काका?"

"ज्यात सर्वाधिक आरडाओरडा असेल ते. आणि मोठ्याने."

"आवडायला लागलं म्हणा की."

"मला हे आवडत नाही, आवडणारही नाही. हवे तर लिहून देतो. आधी लावा."

कर्कश आवाज सुरू झाला. मी परतलो तेव्हा बाई पुन्हा स्टुलावर टेकली होती. मी कान पुढे केला. तिचा अर्ज पुरा होईपर्यंत मला तो रस्ता पुन्हा पुन्हा ओलांडावा लागला आणि प्रत्येक वेळी त्या पोराचे दात पाहावे लागले.