खंडेनवमीनंतरचे स्फटिक

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी कॉलेजातली आमची प्रयोगशाळा उघडली. डायरीत त्या दिवसाची सात कामं लिहिलेली होती. पहिलं, स्फटिक पाहणे. आत झेंडूचा वास कोंडला होता. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. लॅबमधले मामा घरच्या मळ्यातली फुलं आणतात. प्रत्येक यंत्रावर हळदीकुंकवाची बोटं होती आणि एकेक माळ. इन्क्युबेटरलाही, म्हणजे ठरावीक तापमान राखणाऱ्या कपाटालाही, माळ होती, पण त्याच्या दारावरचा तापमानाचा आकडा दिसत नव्हता.

बटण बंद होतं. दार जरासं उघडून आतला थर्मामीटर पाहिला. एकतीस.

तिथे अठरा हवं होतं. त्या कपाटात माझ्या संशोधक विद्यार्थिनीचे स्फटिक वाढत होते. जीवाणू स्वतःपुरतं बी-टू जीवनसत्त्व स्वतःच तयार करतात; आपल्याला ते अन्नातून घ्यावं लागतं. जीवाणूंच्या ज्या एन्झाइममुळे हे काम होतं, त्याची घडण कळली तर आपल्याला धक्का न लावता फक्त जीवाणूंना अडवणारं औषध शोधता येईल. त्यासाठी एन्झाइमचे स्फटिक करायचे, त्यांवर क्ष-किरण सोडायचे आणि पलीकडे उमटणाऱ्या ठिपक्यांवरून एकेका अणूची जागा काढायची. धड स्फटिक मिळायला तिला दोन वर्षं लागली होती. शुद्ध केलेलं एन्झाइम संपलं होतं. क्ष-किरणांचं मोठं यंत्र परगावी, त्यावर आमची पाळी परवाची. पुढची सहा महिन्यांनी. तिची मुदत डिसेंबरात संपत होती.

सव्वाआठला ती गावाहून, देवळ्याच्या बसमधून उतरून थेट आली, खांद्यावर बॅग, हातात आईने दिलेला डबा. बंद बटणाकडे, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि डबा होता तसा खुर्चीवर टेकवला.

"किती वेळ बंद आहे?"

"नवमीच्या दुपारपासून असावा."

"कोणी केला?"

मामा मागेच उभे होते. "मीच केला. का, काय झालं?"

"मामा, तुम्हाला काही कळतं का?" तिचा आवाज चढला. "दोन वर्षं! दोन वर्षं घालवलीत मी!"

"ओरडू नको, पोरी. लिहिलंय तसं केलं. दाराच्या मागं बघ."

दाराच्या मागे माझ्या अक्षरातली यादी होती, प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेली. दसऱ्याची तयारी, चौथा मुद्दा: फ्रिज सोडून सर्व यंत्रे बंद करून पुसणे, दसरा होईपर्यंत बंदच ठेवणे. यादी चार वर्षांपूर्वीची. इन्क्युबेटर गेल्या दसऱ्यानंतर आला. मामांनी फ्रिज सोडला होता आणि बाकी सगळं बंद केलं होतं, अगदी बरोबर.

तिने यादी वाचली. मीही वाचली, जणू दुसऱ्या कुणाची असावी तशी. मग म्हणाले, "चूक माझी आहे. मामांची नाही."

मी हात बटणाकडे नेला.

"नको, मॅडम!" ती म्हणाली. "एकदम गार झालं तर उरलेसुरलेही जातील. आहे त्याच तापमानाला काढू. आत्ताच गोठवू."

तिचं बरोबर होतं. क्ष-किरणांच्या यंत्राकडे स्फटिक तसेही गोठवूनच न्यायचे असतात, पण एका क्षणात, म्हणजे त्यांना बिघडायला वेळच मिळत नाही. त्याला द्रव नायट्रोजन लागतो, आणि आमच्या कॅनच्या तळाशी जेमतेम बोटभर उरला होता. जनावरांच्या दवाखान्यात तो असतो, गायींच्या कृत्रिम रेतनासाठी. मी फोन केला. डॉक्टर सुट्टीवर होते, पण कंपाउंडर म्हणाला, अर्ध्या तासात या.

"मी जातो," मामा म्हणाले.

"झाकण घट्ट लावू नका," मी म्हणाले. "आणि कॅन आडवा करू नका."

"रिक्षात मांडीवर धरून आणतो. लेकरागत."

ते गेले. स्फटिक एन्झाइमच्या द्रावणाच्या थेंबांत वाढतात; वाऱ्याने ते थेंब वाळू नयेत म्हणून आम्ही पंखा बंद केला. प्लेटला नंबर घातलेले खण असतात; प्रत्येक खणात एक थेंब छोट्या काचेखाली उलटा लटकत असतो. ती सूक्ष्मदर्शकाशी बसली, मी वही घेऊन. नवमीआधी अकरा थेंबांत स्फटिक होते, पिवळे, खडीसाखरेच्या चुऱ्याएवढे.

"ए-तीन, विरघळला. ए-पाच, विरघळला. बी-एक, दह्यासारखं झालंय."

मी फुल्या मारत गेले. आठ फुल्या झाल्यावर ती सूक्ष्मदर्शकावर आणखी वाकली.

"सी-दोनमध्ये आहे. कडा गोल झाल्यात, पण आहे."

असे तीन निघाले.

मामा पावणेदहाला आले, शर्टभर घाम. तिने काच उचलली. उघडा थेंब ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन मिनिटांत वाळतो. केसाएवढ्या फासाने स्फटिक उचलायचा आणि नायट्रोजनमध्ये बुडवायचा. पहिला फासातून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा आला. दुसरा सरळ आला. तिसऱ्याला आधीच एक चीर होती, पण तोही उचलला. मी घड्याळ पाहत सेकंद मोठ्याने म्हणत होते. "मॅडम, गप्प बसा ना," ती म्हणाली. मी बोटांवर मोजू लागले.

दोन दिवसांनी त्या परगावच्या यंत्रावर पहिला स्फटिक लावला. पडद्यावर नुसतीच राखाडी वर्तुळं, म्हणजे बर्फ. दुसरा लावला. मधे एक डाग, बाकी काहीच नाही. तिसरा, चीर गेलेला, लावायच्या आधी तिने ओढणीला हात पुसले. मी पाठीमागे उभी होते. इथे माझ्या शब्दाला काही किंमत नव्हती.

पडदा भरायला काही सेकंद लागतात. मग ठिपके आले, ओळीने, कडेपर्यंत.

तिने घरी फोन केला नाही. आधी मामांना लावला, स्पीकरवर.

"मामा, ठिपके आले!"

"किती हायेत?"

"हजारो असतील. मोजता येत नाहीत."

"मग मोज की," मामा म्हणाले. "त्यासाठीच गेलीयेस ना तिथं?"