खाऱ्या पाण्याची सवत

वहिनी त्या टाकीला सवत म्हणायची. पाहुणा कुणीही असो, ओळख करून देताना सूर तोच. "हे आमची सवत. खारं पाणी पिते, थंड्या हवेत झोपते अन् माह्या हातचं खाते."

माझा थोरला भाऊ, दादा, भंडाऱ्यात भूगोलाचा मास्तर होता. एकदा शाळेची सहल घेऊन कोकणात गेला आणि समुद्र डोक्यात घेऊनच परतला. बैठकीत भिंतभर काचेची टाकी आली. तिच्यात जिवंत प्रवाळ, केशरी पट्ट्यांचे मासे, निळा दिवा, पाणी गार ठेवणारं यंत्र. "वैनगंगा दाराशी असून यायले मीठ कालवून पाणी लागते, बाप्पा," वहिनी म्हणायची. म्हणायची, आणि मीठही तीच कालवायची. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी घालणं, काचेवरचं शेवाळ खरवडणं, मे महिन्यात वीज गेली की फ्रीजमध्ये गोठवलेल्या बाटल्या टाकीत सोडणं, हे सगळं तिच्याकडे. दादाकडे कौतुक. तो लोकांना प्रवाळांची इंग्रजी नावं सांगायचा. वहिनीची नावं वेगळी होती. एकाला ती जावई म्हणायची, कारण जरा धक्का लागला की तो अंग आखडून बसे आणि मग दिवसभर समजूत काढावी लागे.

दादा हृदयविकाराने अचानक गेला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, हिले आता कुठं तरी पाठवून द्या. मले अड्याळले जाऊन राहाचं हाय."

अड्याळला तिचं माहेर. आई पडून मांडीचं हाड मोडलं होतं, अंथरुणाला खिळली होती. म्हातारी घर सोडून भंडाऱ्याला यायला तयार नव्हती आणि तिला लेकीशिवाय कुणाचा हात चालत नव्हता. वहिनीने स्वतःच चौकशी करून नागपूरचा एक हौशी माणूस शोधला होता. तो सगळी टाकी न्यायला तयार होता.

तो पिंप आणि थर्माकोलचे डबे घेऊन आला, त्या दिवशी मीही नागपूरहून आलो होतो. दादाच्या खुर्चीत बसलो होतो. मी त्याला विचारलं, "नेताना मरतील का?" माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "काही मरतील. सांगता येत नाही."

"मग नको," मी म्हणालो. "दादाचा जीव होता यात, वहिनी. आणि आपण रोज पहिलं शील म्हणतो ना, जीवहिंसा करणार नाही म्हणून?"

वहिनी दाराला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग टाकीकडे. "तुमी म्हणता तं राहू द्या," म्हणाली, आणि त्या माणसासाठी चहा टाकायला आत गेली. तो चहा पिऊन रिकामी पिंपं परत घेऊन गेला. माझं ते बोलणं पुढे विहारात दोघातिघांनी वाखाणलं. मला बरं वाटलं.

मी सुट्टीच्या दिवशी यायचो, निळ्या दिव्यासमोर बसायचो. दादा आहे असं वाटायचं. संध्याकाळच्या बसने परत जायचो.

वहिनी सकाळच्या एसटीने अड्याळला जायची, आईला आंघोळ घालून, भरवून, उन्हाच्या आत परत. एकदा शेजारणीवर टाकी सोपवली, तर तिने तलावातल्या माशांना टाकतात तसे मूठभर मुरमुरे टाकले. पाणी गढूळलं, दोन मासे उलटे झाले. त्यानंतर वहिनीने कुणाला विचारलं नाही. "माय तिकडं वाट पाहून राहते, हे इकडं तोंड वासून राहते," म्हणायची. "दोघी एकाच दिवशी उपाशी राहाल्या तं मी कोणाले भरवू, सांगा जी."

मेमध्ये आईचं जास्त झालं, तेव्हा वहिनीचा फोन आला. त्याआधी तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. "भाऊजी, आठ दिवस तुमी येऊन राहा न जी घरी. वीज लय जाऊन राहिली. फक्त बाटल्या बदलाच्या. मी आईजवळ राहतो म्हणतो."

"सुट्टी नाही, वहिनी," मी म्हणालो.

सुट्टी होती. भरपूर होती. भंडाऱ्याच्या त्या उन्हात, त्या खाऱ्या वासात आठ दिवस बादल्या उचलायच्या, हे मला नको होतं. एवढंच कारण. आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

त्या आठवड्यात एक दिवस म्हातारीने लेकीचा पदर धरला आणि विचारलं, "आज थांबतेस न वो?" वहिनी म्हणाली, "सकाळी येतोच मी." पदर सोडवून तिने बस धरली. घरी पोचून बाटल्या पाण्यात सोडत होती, तेव्हा अड्याळहून तिच्या भावाचा फोन आला. आई गेली होती. हे सगळं तिच्या भावाने मला मयतीच्या वेळी सांगितलं. तिने नाही.

पंधरवड्याने मी भंडाऱ्याला गेलो. वहिनी स्टुलावर चढून काच पुसत होती. मी म्हणालो, "वहिनी, त्या नागपूरच्या माणसाला बोलावतो. काढून टाकू ही टाकी."

तिचा हात थांबला नाही. "आता काहून?"

"तुम्ही मोकळ्या व्हाल."

"मी कायची मोकळी होतो जी? मोकळं तुमाले व्हाचं हाय." फडकं पिळून तिने बादलीच्या काठावर ठेवलं. "राहू द्या तिले. आता मले कुठं जाचं हाय?"

मी त्या माणसाला फोन केला नाही. कुणासाठी करायचा?

टाकी अजून आहे. प्रवाळ वाढले आहेत, बघणारे थक्क होतात. मी गेलो की वहिनी पाणी देते, चहा देते, जेवायचं विचारते. काही कमी पडू देत नाही. फक्त कप समोर ठेवताना "घ्या" एवढंच म्हणते. भाऊजी म्हणत नाही.