कासिल्दा आणि बारावी टाळी

आमच्या हेरेसमध्ये, सांतियागो आळीत, गाण्याला द्यायची टाळी कुणी शिकवत नाही. पोर आईच्या कडेवर असतं तेव्हाच ती त्याला येते. म्हणून टाळीत मुरलेली कासिल्दा एकसष्टाव्या वर्षी गिटार शिकायला बसली तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं. मला तर इतकं की मी तिच्या घराकडची खिडकी उघडीच ठेवायला लागले.

गिटार तिच्या नवऱ्याची, एलादियोची. तो वाजवायचा आणि तिचा थोरला भाऊ फ्रास्को गायचा. एलादियो गेला आणि फ्रास्कोने गाणं सोडलं, त्याला तीन वर्षं झाली. हीच गिटार पुन्हा वाजली तर दादा गाईल, असं कासिल्दाच्या मनाने घेतलं. गिटार त्यालाही येते, तेव्हा शिकव म्हणून ती त्याच्याकडेच गेली.

"चालायला कोणी शिकवलं होतं तुला?" तो म्हणाला, आणि पेपर वाचत बसला.

मग बाई माझ्याकडे आली. माझ्या माडीवर डेन्मार्कचा मोगेन्स भाड्याने राहतो, आमच्या इकडची फ्लामेंको ढंगाची गिटार शिकायला आलेला. त्याने वहीत तालाच्या बारा मात्रांचे आकडे मांडले, जोर द्यायच्या पाच मात्रांभोवती लाल गोल काढले. मोजायला सुरुवात बारापासून, मग एक, दोन, आणि तान संपवायची दहावर. बारापासूनच का, असं कासिल्दाने विचारलं. मोगेन्सला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं. दारूच्या दुकानातल्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, आम्ही कधी मोजलंच नाही.

झालं, बाई मोजायला लागली. बटाटे सोलताना बारा, जिना चढताना बारा. आणि साठ वर्षांत जिची टाळी चुकली नव्हती, तिची पुतणीच्या साखरपुड्यात भर गाण्यात चुकली. सगळ्यांनी वळून पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मी म्हटलं, ती वही चुलीत घाल. ती चिडली.

"इतकी वर्षं मी काय वाजवत होते ते मला कळायला नको?"

खरं सांगते, त्यानंतर मलाही चैन पडेना. भांडी घासताना मीसुद्धा तो बारा शोधायचे. सापडायचा नाही.

नाताळाआधीच्या शनिवारी दुपारीच आमच्या अंगणात शेकोटी पेटली, आळी गायला जमली. फ्रास्को कोपऱ्यात बडीशेपेच्या दारूचा पेला घेऊन बसला होता. कासिल्दाने गिटार घेतली. दोन आवर्तनं बरी गेली. तिसऱ्यात डावा हात अडखळला, ओठ आकडे पुटपुटत राहिले आणि दहा हातातून निसटला. गिटार थांबली. फ्रास्को पेला ठेवून उठला. मला वाटलं, निघाला हा.

तेवढ्यात कासिल्दाने डावा पंजा तारांवर पालथा दाबला आणि उजव्या हाताने नुसता ताल धरला. सूर नाही, फक्त खटखट. डोळे मिटलेले, ओठही बंद. तिची जुनी टाळीच होती ती, तारांवर उतरलेली. फ्रास्को उभ्या उभ्याच गायला लागला. आवाज गंजला होता, तरी मला रडू आलं.

गाणं संपल्यावर तो तिच्या शेजारी बसला.

"दादा, तो बारा नक्की कुठे असतो रे?" तिने विचारलं.

"मला काय ठाऊक?" फ्रास्को म्हणाला. "डावा हात फार वाईट आहे तुझा. उद्या घरी ये, गिटार घेऊन."