आईसाठी विजेचा ब्रश

मी काळजी करणारी बाई आहे. घराला कुलूप लावलं की ते ओढून पाहायला जिन्यातून दोनदा परत येणारी. नवरा म्हणतो, हिच्याकडे स्वतःची काळजी संपली तर ही शेजाऱ्यांची उसनी आणेल. त्याची थट्टा मी हसून सोडून देते. पण मागच्या हिवाळ्यात ते पंधरा दिवस चालू होते तेव्हा त्यानंही थट्टा केली नाही, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

आई अकोल्याला एकटी राहते. मी अमरावतीला एका कॉलेजच्या ऑफिसात आहे. एक रविवार सोडून एक मी बडनेऱ्याहून गाडी धरते. मूर्तिजापूर मागे पडलं की आईला फोन करते आणि ती चहाचं आधण ठेवते. तिच्या उजव्या हाताला दोन वर्षांपासून कंप आहे. कप ती दोन्ही हातांनी धरते. त्या रविवारी जेवताना ती घास एकाच बाजूनं चावत होती. विचारलं तर म्हणाली, काही नाही, दाढ बोचते. मी सोमवारची रजा टाकली आणि तिला धरून दातांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला गोड. तिनं आईच्या तोंडात आरसा घातला, डावा गाल बाजूला ओढला आणि पाहत राहिली. डॉक्टर किती वेळ पाहतात यावरून मी बरंच काही ओळखते, निदान मला तसं वाटतं. गालाच्या आत, खालच्या हिरडीला लागून, एक पांढरा डाग होता. मला बोलावून तिनं तो दाखवला. दुधावरची साय चिकटावी तसा दिसत होता, पण पुसून जात नव्हता. तिनं मोबाइलवर फोटो काढला आणि तशीच वाकलेली राहून विचारलं, तंबाखू, खर्रा, सुपारी, असलं काही?

आईच्या तोंडात आरसा होता. उत्तर मी दिलं. म्हटलं, "नाही. आमच्या घरात कुणालाच नाही."

हे मी जरा ताठ मानेनंच सांगितलं. वडील हयात असताना कुणी पान पुढे केलं तरी हात जोडायचे.

डॉक्टर म्हणाली, दाढेची कड तुटली आहे, ती गालाला घासते. शिवाय हात हलतो म्हणून ब्रशही हिरडीला लागत असणार. त्यानंही असा डाग पडू शकतो. तिनं कड घासून गुळगुळीत केली आणि विजेवर चालणारा मऊ ब्रश घ्यायला सांगितला, म्हणजे हात हलवायचं कामच नाही, नुसता धरायचा. पंधरा दिवसांनी या. डाग गेला तर उत्तम, नाही गेला तर छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. तो शब्द तिनं उच्चारला नाही. मला मात्र परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत दुसरं काही ऐकू आलं नाही.

मग माझी सगळी काळजी त्या ब्रशला जाऊन चिकटली. ब्रश बरोबर निवडला तर डाग जाईल, चुकला तर जाणार नाही, असं माझ्या डोक्यानं परस्पर ठरवून टाकलं. अमरावतीत तीन दुकानं फिरले. एकात लहान मुलांचा मिळत होता, अस्वलाच्या तोंडाचा. दुसऱ्यात सेलवर चालणारा होता, त्याचे केस इतके राठ की त्यानं मी पितळी समई घासली असती. तिसरा दुकानदार म्हणाला, ताई, हे इथं कोणी घेत नाही, मोबाइलवरूनच मागवा. मग जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी लोकांचे अभिप्राय वाचत बसायची. एकाला फार आवडलेला ब्रश दुसऱ्याच्या घरी आठवड्यात बंद पडलेला असायचा. ऑफिसातल्या मैत्रिणीनं विचारलं, अगं ब्रश घेतेस की जावई शोधतेस? मी तिच्यावर खेकसले. नंतर तिला चहा पाजला.

शेवटी घेतला तो जाड मुठीचा, म्हणजे कापऱ्या हातात बसेल असा. जास्त दाबला की त्याच्या गळ्याशी लाल दिवा लागायचा. दोन मिनिटं झाली की आपोआप थांबायचा. खोक्यावर लिहिलं होतं की हातानं घासण्यापेक्षा हा कितीतरी पटींनी खोलवर साफ करतो. ते वाचून मला धीर आला.

तो घेऊन मी मधल्या वारीच अकोल्याला गेले. आई आधी हात लावायलाच तयार नव्हती. करंट लागला तर, हा तिचा पहिला प्रश्न. लाइन गेली तर, हा दुसरा. न्हाणीघरात प्लग नाही म्हणून चार्जिंगची बैठक स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी मांडली. मी तिच्यामागे उभी राहून तिचा हात धरला आणि एकेका दातावर ब्रश टेकवून दाखवला. ती तोंडभर फेसातून म्हणाली, हे तर माह्यं डोकंच हालवून राहिलं. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं स्वतः केलं. लाल दिवा एकदाही लागला नाही. मी निघताना तिला बजावलं की सकाळी आणि जेवण झाल्यावर, दोन्ही वेळा, चुकवायचं नाही.

त्यानंतर रोज सकाळी फोन. घासले? हो. लाल लागला? नाही. डाग दिसतो का? तिच्या आरशात तिला काही दिसत नसे, आणि खोटं सांगणं तिला जमत नाही असं मी समजत होते. मी स्वतःच्या आरशात स्वतःचा गाल ओढून पाहू लागले. नवऱ्याचाही पाहिला. त्यानं मुकाट तोंड उघडलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी मुक्कामाला गेले. सकाळी सातला मागच्या अंगणातून ब्रशचा गुरगुर आवाज आला. थांबला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला, पुन्हा सुरू. दोनऐवजी सहा मिनिटं झाली. आई किती मनावर घेते आहे असं वाटून मला भरून आलं. चहाचा कप घेऊन मी दारात गेले.

ती पायरीवर बसली होती. तोंडातून निघणारा फेस तपकिरी होता. ब्रशचे पांढरे केस चहात बुडवून ठेवल्यासारखे झाले होते. धुण्याच्या दगडावर पावडरची जुनी डबी उघडी होती आणि तिच्यात मंजन होतं. तिनं माझ्यासमोर ओला ब्रश त्यात टेकवला, तोंडात घातला आणि बटण दाबलं.

पश्चिम महाराष्ट्रात त्याला मशेरी म्हणतात. आमच्याकडे नुसतं मंजन. आई ते घरीच करायची, तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून आणि कुटून. भाजायच्या दिवशी आम्ही भावंडं खोकत अंगणात पळायचो. म्हणजे मला माहीत होतं. ती काय भाजते, मंजन कशाचं असतं, मला सगळं माहीत होतं. पण आमच्या घरात तंबाखू म्हणजे पुरुष तळहातावर मळतात ती, खर्रा म्हणजे पानठेल्यावर मिळतो तो. बायका सकाळी लावतात ते मंजन. ते कधी व्यसनात मोजलंच नाही. आजी लावायची, मामी लावायची, गल्लीतल्या निम्म्या बाया लावायच्या. शिकल्या-सवरलेल्या मलाही दवाखान्यात ते आठवलं नाही.

आणि आता मी तिला ते खोलवर घासायचं यंत्र आणून दिलं होतं.

मी काहीतरी ओरडले असेन, कारण आईनं ब्रश बंद केला. म्हणाली, "पेस्टनं तोंड जळते व बाई. याच्यावर मंजन मस्त बसते, बोटबी भरत नाही." तिला वाटलं, मी पेस्ट वाया गेली म्हणून चिडले. मी विचारलं की दवाखान्यात का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तू तं जलमापासून पाहून राहिली. तूच नाही म्हटलं. मले वाटलं, हे त्याच्यात येत नसन."

दवाखान्यात डॉक्टरनं मोबाइलवरचा आधीचा फोटो काढून शेजारी धरला. डाग तसाच होता, कडेला थोडा लाल झालेला. आरसा बाहेर काढून तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी सावकाश आणि माझ्याकडे पाहून. उत्तर मीच द्यायला हवं होतं. मी खाली फरशीकडे पाहिलं. खरं सांगते, मला लाज डागाची नव्हती, त्या ताठ मानेची होती.

आई खुर्चीत उठून बसली. म्हणाली, "मंजन लावाची सवय हाय जी मले. तंबाखूचं. पोरीले माहीत नाही. तिच्यापासून लपवून लावत होती."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल दया होती. आईचं ते खोटं मी गपचूप घेतलं. आजही ते आठवलं की हातातलं काम थांबतं.

तुकडा त्याच दिवशी काढला. एक टाका पडला. ऑटोत तिच्या तोंडात कापूस होता. मी विचारलं, लपवून कधी लावलंस ग तू? तिनं जाऊ दे असा हात केला आणि बाहेर पाहत बसली.

रिपोर्टला आठ दिवस होते. ते मी कसे काढले ते सांगत नाही. आठव्या दिवशी ऑफिसात डॉक्टरचा फोन आला. कॅन्सर नाही. पण पेशी बदलायला लागल्या आहेत. मंजन कायमचं सुटलं तर डाग जाईल असं वाटतं, चालू राहिलं तर पुढचं सांगता येणार नाही. मी दोनदा वदवून घेतलं आणि व्हरांड्यात येऊन आईला फोन लावला.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, मंजन तर तिनं टाका पडला त्याच दिवशी सोडलं. घरात ठेवलंच नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी भिंतीला टेकले. विचारलं, डबी फेकलीस ना?

"भरलेली डबी कोनी फेकते काय? बाजूच्या बाईले देली. खुश झाली बिचारी."

मी विचारलं, "आई, त्या मावशींच्या तोंडात कधी कुणी आरसा घालून पाहिलंय का?"

पलीकडे नळाचं पाणी बादलीत पडताना ऐकू येत होतं. मग तिनं नळ बंद केला.

"थांब," ती म्हणाली, "घेऊन येतो." फोन तिनं ओट्यावर तसाच ठेवला असावा. तिच्या चपला दूर जाताना ऐकू आल्या, मग शेजारच्या दाराची कडी वाजली. मी फोन कानाला धरून उभी राहिले.