दादा जिथे बसले होते

मी गाव सोडलं त्या सकाळी दादांनी मला एसटीच्या खिडकीतून आत कोंबलं होतं. दरवाजाशी ही झुंबड. त्यांनी आधी माझी वळकटी खिडकीतून आत टाकली, मग मला कमरेला धरून उचललं. बाविसाव्या वर्षी, नोकरीचा कागद खिशात असलेला मी, डोकं आत आणि पाय बाहेर असा लोंबकळत होतो. रडणारी आई ते बघून हसायला लागली. गाडी सुटली तेव्हा दादा खालून ओरडले, "उत्तम, बसायला मिळालं की उठू नको रे! कुणी काही म्हणलं तरी उठू नको!" शहात्तर सालची ही गोष्ट. वडिलांचं बाकी काही मी फारसं ऐकलं नसेल, पण हे मात्र मनापासून ऐकलं.

विलास, तुझं पत्र मिळालं. आई दिवाळीनंतर इकडे यायचं म्हणते, हे वाचून सुनंदाला आणि मला फार आनंद झाला. पण पुढे तू लिहिलं आहेस की आईला चैत्यभूमीवर दादा तासभर जिथं बसले होते तिथंच बसायचं आहे, समुद्राकडं तोंड करून, भिंतीच्या सावलीला. 'दादांनी सांगितलेली तीच जागा दाखव, दुसरी नको,' असंही तू लिहिलंस. चार दिवस ते पत्र खिशात घालून हिंडतो आहे. काय उत्तर लिहावं ते सुचत नाही, म्हणून हे लांबलचक लिहायला बसलो. आईला वाचून दाखव. संध्याकाळी विहारापुढे माणसं बसतात त्यांनाही दाखव, कारण दादांनी ती हकीकत त्या सगळ्यांना सांगितली होती. आपल्यातले जे सुरतेला, पुण्याला गेले आहेत ते दिवाळीला आले की त्यांनाही दे. त्यांना बहुतेक लवकर कळेल.

आधी मी राहतो कुठे ते सांगतो, कारण ते मलाच अजून पुरतं समजलेलं नाही. तुम्ही पाकिटावर 'मुंबई' लिहिता. ऑफिसातले लोक मात्र मला "खाडीपलीकडे राहता होय?" असं विचारतात, जसं काही मी रोज परगावाहून येतो. वाशीतले जुने गावकरी आम्हा सगळ्यांना 'सेक्टरवाले' म्हणतात. ब्याऐंशी साली चेंबूरच्या खोलीतून इथे आलो तेव्हा सुनंदा म्हणाली, "अहो, आता आपण मुंबईत आहोत की बाहेर?" मी म्हटलं, विचारून सांगतो. अजून कुणाला विचारलेलं नाही.

आमच्या आणि मुंबईच्या मध्ये खाडी, आणि तिच्यावर पूल एकच. रेल्वे येणार येणार म्हणतात. कांदा-बटाट्याचे ट्रक, टँकर, घाटावरून येणाऱ्या गाड्या आणि आमच्या बस, सगळ्यांनी त्याच पुलावरून जायचं. एका ट्रकचा पाटा तुटला की दोन्ही काठांची माणसं खोळंबतात. ऑफिसात तीन वेळा उशीर झाला की एक रजा जाते, आणि पूल काही दाखला देत नाही. पहिलं वर्षभर मी रोज दोन-दोन तास उभा राहून गेलो. मग बसमधल्या एका अनुभवी माणसानं मला शहाणं केलं. मुंबईला जाणारी बस बेलापूरहून सुटते, वाशीला येईतो भरते. म्हणून सकाळी वाशीहून उलट्या बसनं बेलापूरला जायचं, तिथे रिकाम्या गाडीत खिडकी धरायची आणि तीच गाडी परत वाशीवरून पुलाकडे जाताना स्टॉपवर ताटकळलेल्या शेजाऱ्यांना आतून हात करायचा. अर्धा तास जास्त लागतो, पण बसून जाता येतं. आता हे लिहिताना येडपटपणा वाटतो, पण त्या वेळी मला पदवी मिळाल्यासारखं वाटलं होतं.

पंच्याऐंशी सालच्या मार्च महिन्यात दादा आले. तुम्हाला आठवत असेल, त्यांनी एकच गोष्ट मनात धरली होती. सहा डिसेंबरला ते दोनदा येऊन गेले होते, पण त्या जनसागरात पुढची माणसं मागे रेटतात आणि मागची पुढे, नीट उभंही राहता येत नाही. "मला बिनगर्दीचं बघायचंय," ते म्हणाले. "तासभर गप बसायचंय. कुणी 'चला चला' म्हणू नये." बस्स, एवढंच. गावातून येतानाच त्यांनी पाच मेणबत्त्यांचा पुडा आणला होता. मी म्हटलं, दादा, मेणबत्त्या काय दादरला मिळत नाहीत? म्हणाले, "मिळत असतील. ह्या आपल्या गावच्या हायेत."

आठ दिवस ते माझ्याकडे राहिले आणि मार्चअखेरीच्या कामामुळे पहिले सात दिवस, रविवारसुद्धा, मला सुटी काढता आली नाही. शेवटच्या दिवसाची काढली. संध्याकाळी सव्वासहाला दादरहून त्यांची गाडी होती, मनमाडला बदलायची. मी हिशेब केला, अकराला निघू, एकला चैत्यभूमी, तासाऐवजी चार तास बसा म्हटलं. दादा इतके खूश झाले की सकाळी दोनदा दाढी केली.

आणि मी त्यांना घेऊन उलट्या बसमध्ये चढलो.

बस तुर्भ्याकडे वळली तशी दादा कावरेबावरे झाले. "उत्तम, मुंबई तिकडं ना? मग आपण इकडं कामून चाललोत?" मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "पण मुंबई तिकडंच हाय ना?" बेलापूरला रिकाम्या गाडीत मी त्यांना डाव्या बाजूची, दाराजवळची खिडकी मिळवून दिली. मला वाटलं होतं शाबासकी मिळेल. ते नुसते बोचकं मांडीवर घेऊन बसले. आमच्या पुढच्या बाकावर बेलापूरजवळच्या दिवाळे गावची हिराबाय होती. ती रोजचीच, त्या दिवशी तिलाही उशीर झाला होता. मासळीची पाटी घेऊन चेंबूरच्या बाजारात जायची.

पुलावर चढलो आणि जेमतेम सहाव्या दिव्याच्या खांबाशी गाडी थांबली. पुढे कुठंतरी ट्रक आडवा झाला होता. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. ऊन असं की खिडकीच्या गजाला हात लागला तर चटका बसायचा. मागून एक तरुण म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ, पाच मिन्टांत सुटेल." हे वाक्य पुलावर कुणीतरी म्हणायचं असतंच.

हिराबाय उठली. "बसून काय करता रं? मानखुर्दला दुसरी बस गावंल. माजा मावरा हितंच सडंल." पाटी डोक्यावर घेऊन ती उतरली. दाराशी थांबून तिनं दादांकडे बघितलं. "चल बाबा, माज्या मागं ये. पाय हाईत ना?"

दादा उठले. खरंच उठले. म्हणाले, "चल उत्तम. बाई बरोबर म्हणती. चालत जाऊ."

मी म्हटलं, "बसा दादा. आत्ता सुटेल."

त्यानंतरही ते तीनदा म्हणाले. गाडीतली निम्मी माणसं उतरून गेली होती. पुलाच्या कठड्याला धरून रांगेनं चाललेली दिसत होती. मी एकदा ऊन सांगितलं, एकदा त्यांचं वय सांगितलं. सत्तरीतही दादा आठ कोस चालून बाजार करून येत होते, हे मला काय ठाऊक नव्हतं? तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी चिडलो. "तुम्हाला इथलं कळत नाही, दादा. सीट सोडली की पुढे मिळत नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं का?" ते बसले. बोचकं पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.

मी तेव्हा का उतरलो नाही, हे मला आजही सांगता येत नाही. खूप विचार करून बघितला. गाडी मधूनमधून हातभर पुढे सरकायची, तेवढ्यानंही वाटायचं आता सुटली. पण ते खरं कारण नसावं. अर्धा तास उलटं जाऊन मिळवलेली ती सीट सोडायची म्हटलं की मी उलट आणखीच रेलून बसायचो. रोजच्या माणसाला विचारा, तो हसणार नाही. आणि तुम्हीच नव्हतं का सांगितलं दादा, उठू नको म्हणून? हे त्या दिवशी माझ्या ओठांवर आलं होतं. बोललो नाही एवढं एक बरं केलं.

चारच्या पुढे गाडी पूल उतरली. पुढे चेंबूर, शीव, सगळीकडे तेच. दादरला पोचलो तेव्हा सहाला दहा कमी होते. चैत्यभूमी तिथून चालत वीस मिनिटं आणि स्टेशन पाच. मी दादांकडे बघितलं. ते म्हणाले, "गाडी गाठू." फलाटावर त्यांनी बोचकं सोडून मेणबत्त्यांचा पुडा काढला. उन्हानं पाचही मेणबत्त्या वाकल्या होत्या, उन्हाळ्यातल्या शेवग्याच्या शेंगांसारख्या. माझ्या हातात देत म्हणाले, "तू जवळ राहतोस. तू लाव. मी काय, पुन्हा येईन."

ते पुन्हा आले नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे.

दोन महिन्यांनी मी गावी आलो तेव्हा विहारापुढे माणसं बसली होती. केशवमामा म्हणाले, "उत्तम, बापाचं मोठं काम केलंस बाबा. तासभर निवांत बसून आलो म्हणत होते. मेणबत्त्या लावल्या, समुद्र बघितला." सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मला काहीच कळेना. दादा शेजारीच बसलेले, वहाणेचा अंगठा घट्ट करत होते, मान वर करीनात. तिथं मी खरं बोलायला हवं होतं. आलेलं कौतुक मी मुकाट्यानं घेतलं, चहासुद्धा प्यालो.

घरी येताना मी विचारलं, "दादा, असं कामून सांगितलं?"

"मग काय सांगू?" ते म्हणाले. "पोरगं मुंबईत राहून बापाला पोचवू शकलं नाही म्हणू? लोकायला पूल कळतो व्हय?" दहा पावलं गेल्यावर म्हणाले, "मलाबी कळला नाही. पण तुला उन्हातान्हात रोज तिथं बसावं लागतं, ते बघितलं मी." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. मला तर वाटलं, त्यांना माझी कीव आली होती. मला ते फार लागलं, आणि बरंही वाटलं.

मेणबत्त्यांचंही सांगून टाकतो. त्या मी लावल्या नाहीत. रोज दादरवरून जातो, पण मध्ये उतरलं की सीट जाते. पुडा कपाटात राहिला. आमच्याकडे लाइट गेली तेव्हा सुनंदानं त्यातल्या तीन लावल्या. तिला कुणी सांगितलं होतं? वाकड्या मेणबत्तीच्या उजेडात आम्ही जेवलो आणि मी तिच्यावर उगाच ओरडलो. दादा गेल्याचं कळलं तेव्हाही मी पुलावरून उशिरा घरी पोचलो आणि तार दुपारपासून दाराशी पडलेली होती.

तुझं पत्र आल्यावर तिसऱ्या दिवशी पुलावर गाडी थांबली. हिराबाय नेहमीसारखी उठली. ती मला अधूनमधून विचारते, "तुजा बाबा त्या दिशी पोचला का रं?" आणि मी दर वेळी हो म्हणतो. त्या दिवशी तिनं विचारलं नाही, पण मी उठलो. सात वर्षांत पहिल्यांदा. शेजारचा माणूस माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी खाडीत उडी मारायला चाललो आहे. मी खिडकी सोडली आणि हिराबायच्या मागे चालायला लागलो. तिला म्हटलं, "बाबा पोचला नाही. मीच उतरू दिलं नाही." ती चालता चालता म्हणाली, "मना ठाव होता. मी मानखुर्दला उबी होते ना तुमची वाट बगत. दोन बशी सोरल्या."

मानखुर्दच्या टोकाला पोचल्यावर मी घड्याळ बघितलं. सव्वीस मिनिटं झाली होती.

मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसलो. ऑफिसला जावं की घरी, तेच सुचेना. घर म्हणताना मला वाशीची खोली आठवावी की आपलं गाव, हेही त्या क्षणी ठरेना. एवढंच कळलं की माझी चूक चार वर्षं जिथे झाकून ठेवली गेली, ते गाव माझं आहे, आणि आज ती मी स्वतः उघडी करतो आहे. आता तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. तेवढा हक्क तुमचा आहे.

आई, तू ये. दादा जिथे बसले होते ती जागा मी तुला नक्की दाखवीन. ती चैत्यभूमीवर नाही. पुलावर चढलं की डाव्या हाताचा सहावा खांब. तिथे ते साडेतीन तास बसले, बोचकं मांडीवर घेऊन, खाडीकडे तोंड करून. ती बघून झाली की आपण उतरू, गाडी थांबलेली असो की चालू. दोन मेणबत्त्या शिल्लक आहेत. तुझे गुडघे दुखतात ते मला ठाऊक आहे, पण माझी सव्वीस मिनिटं झाली, तुझी चाळीस होतील.