ठसका लागला नाही

"आवो शिस्टर, या या! पोरानं खीर गिळली बगा. ठसका बी लागला न्हाई!"

पासली गावातल्या त्या घराच्या उंबऱ्यातच बाळाच्या आजीनं, म्हणजे घरातल्या सासूबाईंनी, मला ही आनंदाची बातमी दिली. आठ महिन्यांचा शिवांश नव्या कपड्यांत मामाच्या मांडीवर होता. मार्गासनीहून आलेल्या त्या मामाच्या एका हातात चांदीची वाटी, दुसऱ्यात भरलेला चमचा.

"चमचा खाली ठेवा!" मी चपलांसकट आत शिरले.

"ताई, उष्टावण हाय. आसं वरडू न्हाई," मामा दुखावून म्हणाला. चमचा मात्र ठेवला.

मी होम केअरची नर्स. गंभीर आजारी मुलांना हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळाला, की पुढची देखभाल घरच्यांच्या अंगवळणी पडेपर्यंत मी भोर-वेल्ह्यातल्या घरांत जाते. जन्मताना शिवांशच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडला होता. त्याला नीट गिळता येत नाही, म्हणून नाकातून पोटापर्यंत बारीक नळी आणि दूध फक्त त्या नळीतून. आता ठसक्याचं. आपल्या घशातून काही चुकीच्या वाटेला लागलं की ठसका लागतो. तो आपला पहारेकरी. शिवांशचा पहारेकरी जन्मापासून झोपलेला. घास फुप्फुसात गेला तरी पोर शांत. याला आम्ही 'सायलेंट ॲस्पिरेशन' म्हणतो. रडणाऱ्या पोराची मला भीती वाटत नाही, या शांततेची वाटते.

"त्वांडानं द्यायचं न्हाई, म्या सांगत हुते..." दाराआडून त्याची आई, अर्चना, म्हणाली. तिचं तिलाच ऐकू जाईल इतक्या आवाजात.

"दवाखान्यानं डिस्चार्ज दिलाय न्हवं?" सासूबाई म्हणाल्या. "बरं झाल्याबिगर सोडत्यात व्हय?"

वाद घालायला वेळ नव्हता. शिवांशच्या पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा चौऱ्याण्णवच्या वर हवा. एक्क्याण्णव दिसला. छातीत घरघर सुरू झाली होती. एकोणनव्वद.

"अर्चना, सक्शन."

सक्शन म्हणजे तोंडाघशातलं ओढून घेणारं मशीन. ते तिला हॉस्पिटलमध्ये मीच शिकवलं होतं. ती जागची हलेना. "तुमी करा की, शिस्टर."

माझा हात पुढे गेलाच होता. तो मी मागे घेतला. मी घटकाभरानं निघून जाणार, पोर तिच्या हवाली. आणि या घरात तिचं कोणी ऐकत नव्हतं, म्हणून तर चमचा तोंडापर्यंत पोचला होता. पण पोराच्या जीवावर कोणाला धडे द्यायचे नसतात. ती एकदा जरी चुकली तरी मशीन हिसकावून घ्यायचं, असं मनाशी ठरवून मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले.

"तूच कर. मी इथेच आहे."

तिनं पोराला मामाच्या मांडीवरून उचलून कुशीवर निजवलं. मशीन घरघरलं.

"आगं, धीरानं," मामा कळवळला.

"दादा, गप! डोकं धर त्याचं."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. सत्त्याऐंशी. पाइप घशात फार वेळ ठेवायचा नसतो, श्वास अडतो. अर्चनानं तो बाहेर काढला, दम घेऊ दिला, पुन्हा घातला. बाटलीत पांढरी खीर उतरली, तांदळाच्या कण्यांसकट. मला रडू येत होतं आणि आकड्यावरून नजर काढवत नव्हती. एकोणनव्वद. ब्याण्णव. पुढे सरकेना.

"आता बरा हाय न्हवं?" सासूबाईंनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांनी सुनेकडे बघून विचारलं होतं.

"न्हाई," अर्चना म्हणाली. "छातीत ग्येलंय. दादा, गाडी काढ."

मी हॉस्पिटलला फोन केला. घाट उतरताना मामा सारखा मागे वळायचा. "अर्चे, म्या मारलं का गं पोराला?" ती मशीन मांडीवर घेऊन आकड्याकडे बघत होती. मीच ओरडले, "तुम्ही रस्त्याकडे बघा!"

उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया निघाला. काही दिवस काळजीचे गेले, पण शिवांश घरी परतला.

मग मामा पुन्हा आला. त्यानं वाटी काढताच सासूबाई कडाडल्या, "आदी तिला इचार!"

अर्चनानं नळीला सिरिंज जोडली, दूध ओतलं आणि भावाच्या हातात दिली. "उंच धर. दाबू नगं. आपसूक जाऊ दे." मामा श्वास रोखून उभा राहिला. दूध हळूहळू खाली उतरलं. असं झालं उष्टावण.

डिस्चार्जच्या वेळी मशीन कोण चालवणार, हे आम्ही विचारतोच. मी आता घरात ऐकलं कोणाचं जातं, तेही विचारते आणि शिकायला त्या माणसाला आधी बसवते. बहुतेक वेळा ती सासू निघते.